राखणदाराची खाज : औषध अर्धे, रोग पुरा

दिवाळी उलटली की माण, खटाव, सांगोला, आटपाडीकडचे मेंढपाळ आपले बिऱ्हाड तट्टांवर लादून बाहेर पडतात. मेंढ्या, कोकरे, बायामाणसे, लहान पोरे आणि या सगळ्यांच्या आगेमागे दोन-तीन कुत्री. रात्री एखाद्याच्या रानात मेंढ्या बसवल्या की माणसे पालात अंग टाकतात. कुत्र्यांना ती मुभा नाही. माळावरून लांडगा येईल की उसातून बिबट्या निघेल, हे बघायचे काम त्यांचे.

अशाच एका पालावर कोकरांची हगवण बघायला मला बोलावले होते. कोकरांना औषध पाजून झाल्यावर पाहिले तर तट्टाच्या पलीकडे एक कुत्रे एकटेच बसून मागच्या पायाने कान खाजवत होते. खाजवून झाले की कोपर चावायचे, ते झाले की पुन्हा कान. कानाच्या कडा हत्तीच्या कातड्यासारख्या जाड झालेल्या, पोटाखाली केस नाहीत, ठिकठिकाणी रक्ताळलेले. मी विचारले, ‘‘आजी, याला किती दिवस झाले?’’ म्हातारीने हात झटकला. ‘‘आवं डाक्टर, लई औशदं झाली त्याची. ट्रॅक्टरचं काळं ऑइल लावलं, फिनेल लावलं, बाजारात सुई मारून आनली. सुई मारली की पंधरा दीस गप ऱ्हातंय, मग हायेच पुन्यांदा. आता राखन बी सुटली. रातभर आंगच खाजवत बसतंय. म्हैन्यात दोन कोकरं लांडग्यानं न्हेली.’’

म्हातारीने मला माझ्या शास्त्रातला एक मोठा धडा दोन वाक्यांत सांगितला, असे मी मानतो. सुई मारली की पंधरा दिवस गप्प, मग पुन्हा तेच. खाज गेली, पण रोग जागचा हलला नव्हता. आणि तो रोग आता मेंढपाळाच्या कोकरांपर्यंत पोचला होता.

या आरोग्य सदरात कुत्र्याची लूत कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मेंढपाळाच्या पालावरचे आणि शेतवस्तीवरचे कुत्रे हे शहरातल्या हौसेच्या कुत्र्यासारखे नव्हे. ते कामकरी जनावर आहे. बैलाच्या खांद्याला सूज आली तर शेतकरी त्याच दिवशी दवाखाना गाठतो, म्हशीने एक वेळचे दूध चोरले तर घरात चर्चा होते, पण राखणीचे कुत्रे सहा महिने अंग फाडून घेत असले तरी ‘कुत्र्याला काय होतंय’ म्हणून सोडून दिले जाते. ज्याच्या भरवशावर आपण रात्री झोपतो त्याच्याबद्दलची ही बेफिकिरी मला कधीच कळलेली नाही. आणि दुसरे कारण असे की या रोगातला एक प्रकार माणसालाही त्रास देतो. त्याकडे पुढे येतो.

आपल्याकडे केस गळालेले, खाजवणारे कुठलेही कुत्रे दिसले की ‘लूत लागली’ म्हणतात. या एका शब्दाखाली निदान चार-पाच निरनिराळी दुखणी दडलेली असतात आणि प्रत्येकाचे औषध वेगळे. सगळ्यांवर एकच उपाय करत राहिले की एखाद्या वेळी लागू पडतो, एरवी पैसे जातात.

खरी लूत म्हणजे खरूज. गोचिडाच्या जातकुळीतला, पण डोळ्याला न दिसणारा एक आठ पायांचा जीव कातडीत बोगदे करून राहतो. मादी त्या बोगद्यातच अंडी घालते. त्याला केस कमी असलेली जागा आवडते, म्हणून सुरुवात कानाच्या कडा, कोपर, मागच्या पायाचे ढोपर आणि पोट येथून होते. खाज इतकी भयंकर की कुत्रे खाणे सोडून खाजवते. घरच्या घरी करण्यासारखी एक साधी परीक्षा सांगतो. कुत्र्याच्या कानाची कड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून थोडा वेळ चोळा. त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला, तर खरजेचा दाट संशय घ्यावा. ही परीक्षा शंभर टक्के खरी नाही, पण माळावर सूक्ष्मदर्शक यंत्र कोठून आणणार? दवाखान्यात आम्ही कातडी पात्याने खरवडून काचेवर घेतो आणि यंत्राखाली पाहतो, तरी खरजेचा जीव बरेचदा सापडतच नाही. तेव्हा ‘तपासणीत काही निघाले नाही’ याचा अर्थ ‘खरूज नाही’ असा कोणी करू नये.

दुसरा प्रकार केसांच्या मुळाशी राहणाऱ्या, लांबट विडीच्या आकाराच्या जीवाचा. हा जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर थोडा असतोच. पिल्लू आईला पीत असताना पहिल्या काही दिवसांतच तो तिच्याकडून पिल्लाकडे येतो. पिल्लाची ताकद कमी पडली, पोटात जंत झाले, खाणे निकृष्ट असले की तो वाढतो. डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखे केस जातात, तोंडावर, पुढच्या पायांवर चट्टे पडतात. सुरुवातीला खाज फारशी नसते, पू झाला की येते. हा एका कुत्र्याकडून दुसऱ्याला सहसा लागत नाही. म्हणजे खरजेचे आणि याचे दिसणे जवळजवळ, वागणे मात्र अगदी उलट.

तिसऱ्या पिसवा. शेपटीच्या मुळाशी, कमरेवर आणि मांड्यांच्या मागे कुत्रे दातांनी कुरतडत असेल तर आधी पिसवांचा विचार करावा. ओल्या पांढऱ्या कागदावर कुत्र्याची कंबर बारीक फणीने विंचरा. काळे कण पडले आणि ते ओलाव्याने तांबूस पसरले, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचेच वाळलेले रक्त. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचेच वावडे असते. त्यांना दोन-चार पिसवाही आठवडाभर खाजवायला पुरतात. मालक म्हणतो, ‘‘पिसवा दिसतच नाहीत हो.’’ बरोबर आहे; खाजवून खाजवून कुत्र्याने त्या खाल्लेल्या असतात.

चौथे गोचीड. कानात, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली. गोचिडाची खाज हा त्यातला लहान भाग झाला. कुत्र्यावरचा हा तपकिरी गोचीड रक्तातले ताप पसरवतो. कुत्रे खंगते, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. खाजेच्या तक्रारीने आणलेल्या कुत्र्याच्या हिरड्या म्हणूनच मी आधी पाहतो.

आणि माळरानावरचे आणखी एक दुखणे, जे पुस्तकात कमी आणि रानात जास्त दिसते, ते कुसळाचे. पावसाळा सरता सरता कुसळी गवत वाळले की त्याचे टोकदार बी मेंढीच्या लोकरीत अडकते तसे कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यातही रुतते. त्याची रचना अशी की ते पुढेच सरकते, मागे येत नाही. एकाच पायाला, एकाच जागी पुन्हा पुन्हा पू होतो, मलमाने बसतो आणि फुटतो. तेथे मलम किती महिने लावणार? कुसळ काढावेच लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे परतते का?

खरजेचे घ्या. आपण देतो ती बरीचशी औषधे जिवंत किडा मारतात, अंडे मारीत नाहीत. अंडी काही दिवसांत फुटतात आणि दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी अंडी घालायला तयार होते. म्हणून औषधाची दुसरी मात्रा साधारण चौदा दिवसांनी आणि बहुधा तिसरीही द्यावी लागते. पहिल्या मात्रेने खाज कमी झाली की मालकाला वाटते काम झाले. दुसरी मात्रा राहते. शिवाय पालावर कुत्री तीन. औषध ज्याचे केस गेले त्या एकालाच. उरलेल्या दोघांच्या अंगावर रोग कमी दिसतो, पण असतो. महिन्याभरात ती दोघे पहिल्याला रोग परत देतात. घरातल्या एकाच पोराच्या डोक्यातल्या उवा काढून त्याला भावंडांशेजारी झोपवण्यासारखेच हे.

गोचीड आणि पिसवांचे गणित याहून वाईट. गोचीड रक्त पिऊन फुगला की कुत्र्यावरून खाली उतरतो आणि भिंतीच्या भेगेत, दगडांच्या सांदीत, गोठ्याच्या कोपऱ्यात कात टाकतो. मादी तेथेच हजारो अंडी घालते. उपाशी गोचीड कित्येक महिने वाट बघत बसू शकतो. पिसवेची अंडी गुळगुळीत, ती कुत्र्याच्या अंगावरून घरंगळून तरटात, मातीत, राखेत पडतात. कोशातली पिसू महिनोन्‌महिने टिकते. आपल्याला कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या एकूण पिसवांच्या शंभरात पाचच. बाकीच्या पंचाण्णव, अंडी, अळ्या आणि कोश या रूपाने, कुत्रे झोपते तेथे असतात. आपण औषध लावतो कुत्र्याला, आणि रोग राहतो त्याच्या अंथरुणात.

माझे म्हणणे एवढेच आहे की कुत्र्याची खाज वारंवार होते याचा दोष बहुतेक वेळा ना कुत्र्याच्या रक्तात असतो ना औषधात. आपण एका कुत्र्याला, एकदा, आणि फक्त कुत्र्यालाच औषध देतो, यात तो असतो. ‘याचं रक्तच खराब आहे’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्यावर वाद घालत नाही, फक्त विचारतो, ‘‘दुसरी मात्रा कधी दिली?’’

उपाय म्हणून लोक जे करतात त्याबद्दल आता कडक बोलणे भाग आहे. ट्रॅक्टरचे जळके ऑइल ही आपल्या भागातली सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत घाणेरडी वहिवाट. त्याने किडा गुदमरतो असा समज आहे. कुत्रे अंग चाटते हे कोणी लक्षात घेत नाही. इंजिनातली धातूंची घाण आणि विषारी तेल त्याच्या पोटात जाते, कातडीतूनही जिरते. रॉकेल आणि डिझेल कातडी भाजतात. फिनेल तर फरशीसाठी आहे. उघड्या जखमेवर ते ओतणे म्हणजे जळत्यावर निखारा. पूर्वी गॅमेक्झिनची पावडर सर्रास चोळत. त्या बीएचसीवर आपल्या देशात 1997 सालीच बंदी आली, तरी जुन्या डब्यातली कुठलीशी पांढरी भुकटी अजून एखाद्या वस्तीवर निघते. ती कुत्र्याला, मेंढीला, पोरांच्या डोक्याला, कशालाच लावू नये. द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेवर फवारायचे औषध ‘थोडं पातळ करून’ लावणारेही आहेत. पिकाचे औषध पिकालाच.

जुन्या उपायांत गंधकाला मात्र मी नावे ठेवणार नाही. गंधक खरजेच्या किड्याला खरोखरच मारतो, माणसांच्या खरजेवरही तो फार जुना उपाय आहे. अडचण इतकीच की तो खाजेच्या जागी नव्हे तर सर्वांगाला आणि पुन्हा पुन्हा लावावा लागतो, आणि प्रमाण ठाऊक असावे लागते. गर्भार कुत्री किंवा अगदी लहान पिल्लू असेल तर डॉक्टर आजही कधी कधी त्याच्याकडेच वळतात.

आता सुईची गोष्ट. बाजारात मारली जाणारी सुई बहुधा दोहोंपैकी एक असते. पहिली स्टिरॉइडची. हिने खाज काही तासांत थांबते, मालक खूश होतो, सुई मारणाऱ्याचे नाव होते. पण स्टिरॉइड किडा मारत नाही. ते शरीराची झुंज थांबवते. झुंज थांबली म्हणून खाज थांबली. दोन-तीन आठवड्यांनी औषध उतरते तेव्हा किडे आधीपेक्षा जास्त झालेले असतात. केसांच्या मुळाशी राहणाऱ्या त्या दुसऱ्या प्रकारात तर स्टिरॉइड म्हणजे रोगाला खतपाणीच. ज्यांनी गजकर्णावर दुकानातून सांगितलेली तिहेरी मलमे लावली, चार दिवस बरे वाटले आणि मग सबंध कमरेला विळखा पडला, त्यांना हे वेगळे समजावायला नको. चूक तीच, फक्त कातडी कुत्र्याची.

दुसरी सुई आयव्हरमेक्टिनची. औषध थोर आहे यात शंका नाही. जपानमधल्या मातीत सापडलेल्या एका जंतूपासून ते निघाले. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना त्याबद्दल 2015 साली नोबेल पारितोषिक मिळाले. मेंढ्यांच्या जंतांवर आणि खरजेवर ते उत्तम चालते, म्हणूनच प्रत्येक पालावर त्याची बाटली असते. घोटाळा प्रमाणात होतो. जनावरांच्या नेहमीच्या सुईत एका मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम औषध असते आणि गाईबैलांचे प्रमाण 50 किलो वजनाला एक मिलिलिटर. वीस किलोच्या कुत्र्याला याच हिशेबाने अर्ध्या मिलिलिटरहूनही कमी येते. अंदाजपंचे ‘दोन मार’ म्हटले की पाचपट झाले. मग कुत्रे झिंगल्यासारखे चालते, लाळ गळते, डोळ्यांची बुबुळे मोठी होतात, दिसेनासे होते, आडवे पडते. याला हमखास उतारा नाही. सलाइन लावून आणि देखभाल करून औषध उतरायची वाट पाहावी लागते.

त्यातही जातीचा एक धोका आहे. परदेशात मेंढ्या वळणाऱ्या कोली जातीच्या कुत्र्यांना हे औषध नेहमीच्या मात्रेतसुद्धा बाधत असे. मेंदूत औषध शिरू न देणारी जी राखण शरीरात असते, तिचा जनुकच त्यांच्यात बिघडलेला असतो, हे 2001 साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात उलगडले. तिकडच्या गुरांच्या कुरणांवर राबणाऱ्या इतर काही जातींतही हा दोष आहे, आणि अल्सेशियनमध्येही थोड्या प्रमाणात सापडतो. आपल्या गावठी कुत्र्याची ही भीती कमी, पण आज वस्तीवस्तीवर विलायती रक्ताची मिसळ झालेली कुत्री आहेत. अमक्याच्या कुत्र्याला चालले म्हणून आपल्याला चालेल असे समजू नये. आणखी एक, या औषधाचा कुत्र्याच्या गोचिडांवर आणि पिसवांवर भरवसा धरता येत नाही. गोचिडांसाठी ही सुई मारणे म्हणजे धोका पदरात घेऊन फायदा न घेणे.

मग करायचे काय? पहिले काम, कुत्रे दवाखान्यात दाखवणे, किंवा मेंढ्या बघायला डॉक्टर आले असतील तर त्यांना कुत्र्याकडेही नेणे. कुठला किडा हे ठरले की अर्धे काम झाले. आज गोचीड, पिसवा आणि दोन्ही तऱ्हेच्या लुतीवर पोटातून द्यायच्या गोळ्या निघाल्या आहेत. फ्लुरालानेर, अफॉक्सोलानेर अशी त्यांची नावे आहेत. एकीचा गोचीड-पिसवांवरचा असर महिनाभर, दुसरीचा जवळजवळ तीन महिने राहतो. पाण्यात भिजणाऱ्या, चिखलात लोळणाऱ्या कामाच्या कुत्र्याला लावायच्या औषधापेक्षा या सोयीच्या. झटके येणाऱ्या कुत्र्याला त्या जपून द्याव्या लागतात, आणि त्या स्वस्त नाहीत हेही खरे. पण लांडग्याने नेलेल्या एका कोकराची किंमत समोर ठेवून हिशेब करावा, असे मी मेंढपाळांना सांगतो. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात अंगाला लावायचे औषध वापरावे. ते पाण्यात किती मिसळायचे हे बाटलीवर किंवा कागदावर लिहून घ्यावे, आठवणीवर ठेवू नये. त्यातली काही औषधे मांजराला जीवघेणी ठरतात, म्हणून वस्तीवर मांजर असेल तर आधी सांगावे.

औषध सगळ्या कुत्र्यांना, एकाच दिवशी. ज्याला खाज नाही त्यालाही.

दुसरी मात्रा चुकू नये म्हणून मी पालावर तारीख सांगत नाही, तिथी सांगतो. पहिली अमावास्येला दिली तर दुसरी पुनवेला आणि तिसरी पुढच्या अमावास्येला. चौदा-पंधरा दिवसांचे अंतर आपोआप साधते, आणि पंचांग न वाचणाऱ्या माणसालाही आभाळ वाचता येते.

त्याच दिवशी कुत्र्याचे अंथरूण बघावे. फाटके तरट, बारदान जाळून टाकावे किंवा उकळत्या पाण्यात घालून कडक उन्हात वाळवावे. वस्तीवर भिंतीच्या भेगा मातीने लिंपून घ्याव्यात, चुना मारावा, कोपऱ्यातला कचरा दूर नेऊन जाळावा. पाल उचलणाऱ्या मेंढपाळाचे यात एक सुख आहे, तो जागाच बदलतो. पण जुने बारदान तट्टावर लादून बरोबर नेले तर रोगही बरोबरच प्रवास करतो. जखमांत पू झाला असेल तर प्रतिजैविक दोन-तीन आठवडे चालते, तीन दिवसांनी बंद केले तर पुन्हा पहिल्यापासून. रोज कपड्याच्या साबणाने कुत्रे घासू नये, आधीच फाटलेली कातडी त्याने आणखी कोरडी पडते. आणि नुसत्या भाकरी-ताकावर राबणाऱ्या कुत्र्याची कातडी औषधानेही लवकर भरत नाही. वशाटाच्या दिवशी त्याचाही वाटा काढावा, जमेल तेव्हा एखादे अंडे. पोटातल्या जंतांचे औषधही द्यावे. पिसू गिळल्याने कुत्र्याला एक प्रकारचा पट्टकृमी होतो.

खाजेने बेजार झालेले कुत्रे हात लावला की चावते, मालकालाही. औषध लावताना तोंड कापडाच्या पट्टीने बांधावे. दात लागलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. कुत्रे आणलेच आहे तर रेबीजची लसही त्याच खेपेला टोचून घ्यावी.

आता माणसांचे. कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसाच्या अंगावर येतो, चावतो, पण माणसाच्या कातडीत त्याचा संसार होत नाही. कुत्र्याला कवेत घेणाऱ्या पोरांच्या दंडावर, पोटावर लाल खाजरे पुरळ उठते. कुत्रे बरे झाले आणि पोरांचा त्याच्याशी संबंध तुटला की साधारण दोन-तीन आठवड्यांत ते जाते. पोरांना मलमे लावत राहायचे आणि कुत्र्याला तसेच ठेवायचे, तर मात्र ते जायचे नाही. उलट, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत खाज असेल, रात्री वाढत असेल आणि घरात एकामागून एक सगळ्यांना होत असेल, तर ती माणसाची स्वतःची खरूज. तिचा दोष कुत्र्यावर ढकलू नये. तिला डॉक्टरांनी दिलेले मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे असते. गोल, खपलीचे, केस तुटलेले चट्टे कुत्र्यावर आणि पोरावर दोघांवरही दिसले तर ते गजकर्ण असू शकते; ते दोघांनाही होते आणि दोघांनाही औषध लागते.

लूत कळपाबाहेरही जाते. आपल्या माळरानांवर लांडगे, कोल्हे, खोकड कसेबसे तग धरून आहेत. लुतीने खंगलेले, सोडून दिलेले कुत्रे त्याच माळावर फिरते, त्याच बिळांत शिरते. अमेरिकेत मोंटाना संस्थानात गुरांच्या मोठ्या कुरणवाल्यांच्या मागणीवरून 1905 साली एक कायदा झाला. लांडगे पकडायचे, त्यांना मुद्दाम लूत लावायची आणि रोग पसरवण्यासाठी परत सोडायचे, असा तो कायदा. शंभर वर्षांनंतर यलोस्टोन उद्यानात पुन्हा आणून सोडलेल्या लांडग्यांमध्ये 2007 साली लूत दिसली, आणि तिचे मूळ त्या जुन्या उद्योगात असावे असे तिकडचे अभ्यासक मानतात. मेंढपाळाला लांडग्याचा कळवळा यावा अशी माझी अपेक्षा नाही. पण खंगलेला, पळता न येणारा लांडगा हरणाच्या मागे जात नाही, बांधलेल्या कोकराकडे येतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

आता थोडे आमच्या खात्याला आणि आमच्या व्यवसायबंधूंना. पाल एका गावात पंधरा दिवस टिकत नाही. पहिली मात्रा एका तालुक्यात, दुसरीची वेळ येते तेव्हा कळप दोन तालुके पुढे. तेथला डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून विचारतो, मेंढपाळ ‘एक सुई झालीया’ एवढेच सांगू शकतो, कोणती ते त्याला माहीत नसते. पोलिओच्या लसीला आपण घरोघर कार्ड दिले. मेंढ्यांच्या लसीकरणाची नोंद ठेवतो. मग कुत्र्याला दिलेले औषध, त्याचे प्रमाण आणि पुढची तिथी एका जाड कागदावर लिहून देण्यात कोणाचे काय जाते? पुढच्या दवाखान्यात तो कागद दाखवला की उरलेली मात्रा मिळावी, एवढी सोय खात्याने लेखी हुकमाने करावी. ‘तुमचा कळप आमच्या हद्दीतला नाही’ हे उत्तर मी स्वतः एका मेंढपाळासमोर दिले जाताना ऐकले आहे. किड्याला तालुक्याची हद्द कळत नाही.

आणि मेंढपाळांनीही लाजू नये. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रे असते, त्याचे भक्त स्वतःला वाघ्या म्हणवून घेतात. ज्या देवाला हे जनावर चालते त्याच्या माणसाने ते दवाखान्याच्या ओट्यावर चढवायला संकोच का करावा? बाकीची माणसे नाके मुरडतील, मुरडू द्यावीत.

त्या पालावरच्या कुत्र्याचे सांगायचे राहिले. तिन्ही कुत्र्यांना एकाच दिवशी औषध दिले, तरटे जाळली. म्हातारीला अमावास्या-पुनव समजावली. बिबट्यासाठी त्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा होता, तो किती महिन्यांत काढला नव्हता कोणास ठाऊक. काढला तेव्हा खाली कातडी ओली, कुजलेली आणि त्यात गोचिडांची रांग. पट्टा आठवड्यातून एकदा, आठवडी बाजाराच्या दिवशी उन्हात काढायचा, पुसायचा आणि मानेवरून बोटे फिरवायची, एवढे तिच्या नातवाला शिकवले. दुसरी मात्रा त्यांनी पुढच्या मुक्कामी दिल्याचा निरोप आला. तिसरीच्या वेळी पाल माझ्याच तालुक्याच्या हद्दीवर होते. कानाच्या कडांना लव फुटली होती, आणि मी मोटारसायकलवरून उतरायच्या आत त्याने मला हाकलायला सुरुवात केली होती.